मास्क बसत नाही तेव्हा

आमच्या लेबर रूममधल्या वॉर्मरशेजारच्या ट्रेमध्ये एक नंबरचं, म्हणजे सगळ्यात लहान मापाचं, आय-जेल (बाळाला श्वास देण्यासाठी घशात बसवायचं साधन) असावं, म्हणून मी इंडेंट (मागणीपत्र) भरून कंटाळले. स्टोअरचं उत्तर ठरलेलं: "सिस्टर, अंबू बॅग आहे ना?"

आहे की, तोंडानाकावर मास्क धरून हाताने दाबत श्वास द्यायची पिशवी! पण बाळ रडलं नाही तर पहिल्या मिनिटात श्वास द्यायला सुरुवात करायची असते. हनुवटीपाशी मास्क जरा जरी उचलला गेला, तरी हवा फुस्स करून गालावरून निघून जाते आणि छाती हलतच नाही. श्वासनलिकेत नळी घालणारे डॉक्टर रात्री दरवेळी हाताशी असतातच असं नाही.

आय-जेल तोंडातून सरकवलं की घशात स्वरयंत्राच्या तोंडाशी बसतं. लॅरिंगोस्कोप (घशात बघायचं दिव्याचं उपकरण) नको, हवेने फुगवायची कडा (कफ) नाही. अर्थात दोन किलोंच्या आतल्या बाळाला एक नंबरही मोठाच होतो.

युगांडात, कंपालाच्या मुलागो हॉस्पिटलमध्ये, प्रशिक्षित सुईणींनी ते वापरलं. त्या अभ्यासाचे निष्कर्ष 2020 मध्ये आले. मास्कपेक्षा मृत्यू कमी झाले नाहीत, हेही सांगायलाच हवं. पण सुईणींच्या हातात ते सुरक्षित ठरलं, आणि माझं भांडण तेवढ्यासाठीच आहे. शिवाय 2023 च्या अमेरिकन सूचनांनुसार 34 आठवडे किंवा त्यापुढच्या बाळांना मास्कऐवजी थेट असं साधन वापरलं तरी चालतं.

आता इंडेंटसोबत सरावासाठी बाहुलीही मागितली आहे. नुसतं पाकीट कपाटात ठेवून काय करायचंय?