धाकटा आकडा

संसदेतल्या मतदानाची बातमी वाचताना माझी नजर मोठ्या आकड्यावर रेंगाळत नाही. ठराव मंजूर झाला हे मथळ्यानेच सांगितलेलं असतं. मी शोधतो तो धाकटा आकडा, आणि त्यातली मंडळी कोणत्या पक्षाची, हे. एरवी या शोधात राम नसतो. पक्षादेश निघाला की या बाकांवरचे 'होय', त्या बाकांवरचे 'नाही', हिशेब संपला. युद्धाचा ठराव आला की मात्र मांडलेली पंगत विस्कटते.

पर्ल हार्बरच्या हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी, ८ डिसेंबर १९४१ला, अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात जपानविरुद्ध युद्ध पुकारण्याच्या ठरावावर मतं पडली ३८८ विरुद्ध १. ती एकटी म्हणजे रिपब्लिकन पक्षाच्या जेनेट रँकिन. बाहेर संतापलेला जमाव अंगावर आला तेव्हा बाई टेलिफोन बूथमध्ये शिरल्या आणि पोलिसांनी येऊन त्यांना सुखरूप बाहेर काढलं. १९१७ मध्येही त्यांनी युद्धाविरुद्ध मत दिलं होतं, पण तेव्हा सोबतीला ४९ जण तरी होते. त्या दिवशी मी सभागृहात असतो तर बहुधा ३८८ जणांतच असतो. तरी नाव लक्षात राहिलं ते बाईंचं.

१९६४चा टोंकिनच्या आखाताचा ठराव, ज्याच्या जोरावर व्हिएतनामचं युद्ध वाढवलं गेलं, तो सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २ असा मंजूर झाला. विरोधातले दोघे, वेन मॉर्स आणि अर्नेस्ट ग्रूनिंग, राष्ट्राध्यक्षांच्याच डेमोक्रॅटिक पक्षाचे. मॉर्स हे गृहस्थ आधी रिपब्लिकन, मग अपक्ष, मग डेमोक्रॅट. पक्षाच्या कुंपणावरून उडी मारायची त्यांना सवयच होती म्हणा. १९६८ मध्ये दोघांचीही सिनेटची जागा गेली. १९७१ साली तो ठरावही रद्द झाला.

कुंपण अर्थात दोन्ही बाजूंनी ओलांडलं जातं. मार्च २००३ मध्ये ब्रिटनमध्ये इराकवर चर्चा झाली, तेव्हा युद्धाची गरज अजून सिद्ध झालेली नाही, असं म्हणणाऱ्या दुरुस्तीला सत्ताधारी लेबर पक्षाच्याच १३९ खासदारांनी मत दिलं. रॉबिन कुक तर आदल्या दिवशीच मंत्रिपद सोडून मागच्या बाकावर जाऊन बसले होते. सरकारच्या पाठीशी उभे राहिले ते समोरचे काँझर्व्हेटिव्ह! युद्धाच्या बाजूने कुंपण ओलांडणाऱ्याच्या वाट्याला शाबासकी येते आणि विरोधात ओलांडणाऱ्याला फितूर ठरवतात, हा दुजाभाव मला कधीच पटलेला नाही.

पण सगळ्यांत जास्त मी अडकतो तो ज्यांनी कुंपण ओलांडलंच नाही, त्यांच्यापाशी. ऑगस्ट १९१४. जर्मनीच्या सोशल डेमोक्रॅटिक पक्षाच्या बंद दाराआडच्या बैठकीत युद्धकर्जाच्या बाजूने ७८ आणि विरोधात १४ मतं पडली. विरोध करणाऱ्यांत पक्षाचे एक अध्यक्ष, हुगो हासं, स्वतः होते. दुसऱ्या दिवशी राइशस्टागमध्ये, म्हणजे जर्मन संसदेत, पक्षाचं पाठिंब्याचं निवेदन वाचायला उभे राहिले ते हेच हासं. शिस्त म्हणजे शिस्त. मोजणीत विरोधाचं एकही मत नाही. त्या चौदांत कार्ल लीबक्नेख्टही होते. डिसेंबरमध्ये त्यांनी एकट्याने उघड 'नाही' म्हटलं. हासंना १९१५चा डिसेंबर उजाडावा लागला. १९१६ मध्ये त्यांनी सभागृहात सरकारविरुद्ध भाषण केलं आणि संसदीय गटाने त्यांना काढून टाकलं. लीबक्नेख्टचं धाडस मोठं, पण आपल्याला न पटलेला कागद भर सभेत खणखणीत आवाजात वाचणाऱ्या माणसाचा मला जास्त विचार येतो.

आणखी एक गृहस्थ. उत्तर कॅरोलायनाचे रिपब्लिकन खासदार वॉल्टर जोन्स. इराक युद्धाला फ्रान्सने विरोध केला म्हणून संसदेच्या उपाहारगृहातल्या 'फ्रेंच फ्राइज'चं 'फ्रीडम फ्राइज' करायला लावणाऱ्यांपैकी ते एक. पुढे एका सैनिकाच्या अंत्यविधीला गेले आणि आतून हलले. मग डाव्या विचारांच्या डेनिस कुसिनिच यांच्यासोबत त्यांनी २००५ मध्ये सैन्य परत आणण्याचा ठराव मांडला. मृत सैनिकांच्या कुटुंबांना त्यांनी दहा हजारांहून अधिक पत्रं पाठवली. पक्षश्रेष्ठींनी त्यांना एका महत्त्वाच्या समितीतून काढलं. त्यांच्या मतदारसंघात मरीन सैनिकांचा प्रचंड मोठा तळ आहे, आणि तिथले लोक मात्र त्यांना निवडून देत राहिले. २०१९ मध्ये वारले तेव्हाही ते खासदारच होते.