डेक्सा, मेंढरं आणि दिवसांचा हिशेब

गाभण जनावराला डेक्सा टोचायचं नाही, हा आमच्या धंद्यातला पहिल्या वर्षाचा धडा. शेवटच्या महिन्यांत डेक्सा, म्हणजे डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड, गेलं की गाय वेळेआधी विते, नाहीतर गाभडते, वर वार अडकते. मी निपाणी भागात जनावरांचा डॉक्टर आहे. त्यामुळे माझी धाकटी बहीण, जी खानापूर तालुक्यात आशा सेविका आहे, जेव्हा सहज म्हणाली की अपुऱ्या दिवसांत कळा आलेल्या बाईला, बाळाची फुप्फुसं लवकर तयार व्हावीत म्हणून, बेळगावात हेच इंजेक्शन मुद्दाम देतात, तेव्हा माझा विश्वास बसेना. मग वाचत गेलो, आणि शेवटी पोचलो थेट न्यूझीलंडच्या मेंढरांपाशी.

माँट लिगिन्स (१९२६–२०१०) हा ऑकलंडचा प्रसूतितज्ज्ञ. त्याचा मूळ प्रश्न फुप्फुसांचा नव्हताच. बाळंतपण सुरू कोण करतं, आई की पोटातलं पिल्लू, एवढंच त्याला शोधायचं होतं. त्यानं गाभण मेंढीच्या पोटातल्या कोकराची मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी निकामी केली, तर दिवस उलटून गेले तरी मेंढी व्यायला तयार नाही. उलट कोकराला कॉर्टिसोल (शरीरात बनणारं स्टिरॉइड) किंवा डेक्सा दिलं, की वेळेच्या कितीतरी आधी कळा सुरू. म्हणजे मेंढीत तरी हुकूम कोकराचा! त्याच्या अॅड्रिनल ग्रंथीतलं कॉर्टिसोल वाढतं, ते वारेला गर्भ टिकवणाऱ्या प्रोजेस्टेरॉनचं इस्ट्रोजेन करायला लावतं, आणि गर्भाशय आकसू लागतं. आमच्या गाई डेक्सानं का गाभडतात, याचं उत्तर मला कॉलेजच्या पुस्तकापेक्षा इथं नीट मिळालं. (बायकांत मात्र हे असंच्या असं चालत नाही.)

या प्रयोगांत डेक्सा दिलेलं एक कोकरू फारच लवकर जन्मलं. ते मरायलाच हवं होतं, पण श्वास घेत होतं. लिगिन्सनं त्याची फुप्फुसं पाहिली, तर ती बऱ्यापैकी फुगलेली. मला या माणसाचं कौतुक वाटतं ते इथं. प्रश्न एक विचारला होता, उत्तर दुसऱ्याच गोष्टीचं हाती आलं, आणि त्यानं ते सोडलं नाही. बालरोगतज्ज्ञ रॉस हॉवी याला सोबत घेऊन त्यानं बायकांवर चाचणी केली, बीटामेथासोनची, म्हणजे डेक्साच्याच भावंडाची. १९७२ साली निकाल छापला : पहिल्या आठवड्यातले बालमृत्यू १५ टक्क्यांवरून ३.२ टक्क्यांवर. तरी अमेरिकेत तज्ज्ञांची अधिकृत शिफारस यायला १९९४ उजाडलं. डॉक्टर लोकांचा हा सुस्तपणा मला आजही समजत नाही.

आता आपल्याकडचं. डेक्सा गावोगावी पोचवलं तर काय होईल, हे पाहायला सहा देशांत मोठी चाचणी झाली, आणि त्यात आपला बेळगाव जिल्हा होता. २०१५ मध्ये निकाल आला तो उलटा. जिथं औषध पोचवलं तिथं नवजात मृत्यू हजारी २७.४, इतरत्र २३.९. आयांमध्ये जंतुसंसर्गाचा संशयही जास्त. कारणांबद्दल वाद आहेत, पण एक गोष्ट डोळ्यांत भरते : इंजेक्शन मिळालेल्या बायकांपैकी जेमतेम १६ टक्क्यांचीच बाळं खरोखर फार लहान होती. बाकीच्यांना ते उगाचच मिळालं.

इथं मला आमचे धनगर आठवतात. अक्कोळच्या रानात बकरी बसवलेल्या म्हाताऱ्या मामांना विचारा, मेंढा कधी लागला ते तिथीसकट सांगतील आणि पाच महिने मोजून कोकराची वाट बघतील. बहिणीकडच्या तायी कार्डावर (कर्नाटकातलं गरोदर बाईच्या नोंदींचं कार्ड) मात्र शेवटच्या पाळीची तारीख लिहिताना समोरची बाई म्हणते, "यल्लम्माच्या यात्रेच्या आगंमागं असंल बघा." त्या अंदाजावर महिने धरायचे.

२०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची दुसरी चाचणी आली, पाच देशांतल्या इस्पितळांमधली. त्यातही बेळगावचे संशोधक होते. २,८५२ बाया, सगळ्या फार आधी वितील अशा, सोनोग्राफीनं दिवस पक्के केलेले, आणि जन्मलेल्या बाळाची काळजी घेणारी यंत्रणा तयार. औषध तेच डेक्सा. नवजात मृत्यू २३.५ टक्क्यांवरून १९.६ टक्क्यांवर आले. फायदा इतका स्पष्ट दिसला की चाचणी वेळेआधी थांबवली.

डेक्साची कुपी माझ्या पेटीतही असते, स्वस्त असते. महाग पडतो तो पहिला स्कॅन. बहिणीच्या वाडीतून त्यासाठी निघालेल्या बाईची रोजची मजुरी बुडते, एसटी एकच, आणि सोबत यायला नवरा तयार हवा. बहिणीची सध्याची भांडणं सगळी याच गोष्टीवरून चाललेली असतात, बहुतेक सासवांशी.