तुम्ही विचारलंत म्हणून: डिप्रेशनने मला काय दिलं?

"या आजाराने तुम्हाला खूप काही शिकवलं असेल ना?" मी डिप्रेशनमधून बरी झाले हे कळलं की बरेच जण हे विचारतात. विचारणाऱ्याला 'हो' ऐकायचं असतं. माझं उत्तर जरा वाकडं आहे.

आजाराने काहीही शिकवलं नाही. पहाटे जाग यायची, सकाळ सरता सरत नसे. एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचून डोक्यात काही शिरत नव्हतं. अशा माणसाला 'यातून काय घ्यायचं ते बघ' म्हणणं म्हणजे तापाने फणफणलेल्याला परीक्षेला बसवणं. जे काही शिकले ते उपचारांत.

गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि बरं वाटल्यावरही निदान 6 महिने त्या आपल्या मनाने सोडायच्या नाहीत, हे डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं. मला उभं केलं ते मात्र गोळ्या आणि समुपदेशन या दोन्हींनी मिळून. माझा हट्ट असा, की आधी उमेद येऊ दे, मग उठेन. समुपदेशक बाई म्हणाल्या, उलट करून बघू. या पद्धतीला 'बिहेवियरल ॲक्टिवेशन' म्हणतात. 1970 च्या दशकात पीटर लेविन्सन या मानसशास्त्रज्ञाने तिचा पाया घातला. खचलेला माणूस एकेक गोष्ट सोडत जातो, मग बरं वाटावं असं आयुष्यात काही उरतच नाही आणि तो आणखी खचतो. म्हणून मन तयार नसतानाच, ठरल्या वेळी, अगदी लहानसं काहीतरी करायचं. 'फिरायला जाईन' असं मोघम नाही. '4 वाजता चपला घालून फाटकापर्यंत'. आल्यावर 0 ते 10 मध्ये किती बरं वाटलं ते वहीत लिहायचं. 0 येणार याची मला खात्री होती. 2 आले. हसू नका, तेव्हा 2 म्हणजे पुष्कळ होते.

त्या वहीमुळे माझ्या मनाचे अंदाज चुकतात हे मला माझ्याच अक्षरात दिसलं. आजही 'माझा कुणाला काय उपयोग' असं मनात येतंच. पण आता मी ते खरं मानून बसत नाही. झोप कशी लागतेय ते आधी तपासते. एकदा डिप्रेशन येऊन गेलेल्यांपैकी साधारण निम्म्यांना ते पुन्हा गाठतं, म्हणून बहिणीला सांगून ठेवलंय: मी फोन उचलेनाशी झाले तर मला न विचारता डॉक्टरांची वेळ घे. पूर्वी असली मदत मागणं मला जमलंच नसतं. याला वाढ म्हणायचं तर खुशाल म्हणा. आजाराचे आभार मात्र मी मानणार नाही.

आणि स्वतः त्यात असल्यामुळे विचारत असाल, तर शिकण्याबिकण्याचं राहू द्या. उदासी 2 आठवडे हटत नसेल तर डॉक्टरांना दाखवा. मरणाचे विचार येत असतील तर तेवढंही थांबू नका, आजच कुणाला तरी सांगा.