दुकानातला आवाज

मोठ्या साखळी दुकानांत उंची ध्वनियंत्रणांचा कक्ष बहुधा सगळ्यात आतल्या कोपऱ्यात असतो. वॉशिंग मशिनांच्या रांगा आणि एकच धबधबा एकाच वेळी कोसळवणाऱ्या टीव्हींची भिंत ओलांडून तिथे पोहोचेपर्यंत कान निम्मे दमलेले असतात. मग काचेचे दार, जाड गालिचा, मंद प्रकाश आणि ऐटीत उभे राहिलेले स्पीकर. मला हा सगळा थाट आवडतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु आवाज निवडायला आलेल्या गिऱ्हाइकाने तिथे सर्वांत कमी भरवसा ठेवावा तो स्वतःच्या कानांवर, असे माझे मत हळूहळू होत गेले आहे.

दोन आवाजांपैकी किंचित मोठा असलेला आवाज आपल्याला मोठा न वाटता चांगला वाटतो, ही कानाची जुनी खोड आहे. आवाजाची पातळी कमी असताना कानाला खर्ज फारच कमी ऐकू येतो आणि पातळी वाढली की तो झपाट्याने भरून येतो, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच आलेख काढून दाखवले होते. त्यामुळे एक-दोन डेसिबलांचा फरकसुद्धा आपल्याला ‘याचा खर्ज भरदार आहे’ किंवा ‘याच्यात जीव आहे’ अशा शब्दांत जाणवतो. आता शेजारी ठेवलेल्या स्पीकरांच्या दोन जोड्यांपैकी एकीची संवेदनशीलता, म्हणजे ठरावीक शक्ती पुरवल्यावर निघणारा आवाज, ८४ डेसिबल आणि दुसरीची ९० डेसिबल असेल, तर पहिलीला दुसरीइतके मोठ्याने वाजवण्यासाठी अॅम्प्लिफायरला चौपट शक्ती पुरवावी लागते. विक्रेता एका जोडीवरून दुसरीवर जाण्यासाठी खटका दाबतो, आवाजाचे बटण मात्र होते तिथेच राहते, आणि आपण दुसऱ्या जोडीच्या प्रेमात पडतो. यात विक्रेत्याचे कपट असतेच असे नाही, कारण पुष्कळदा त्यालाही तीच जोडी मनापासून आवडत असते.

कान फसतात ते डोळ्यांमुळेही. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनितज्ज्ञांनी १९९४ मध्ये एक प्रयोग मांडला होता. त्याच श्रोत्यांना तेच स्पीकर एकदा पडद्याआडून आणि एकदा उघड्यावर ऐकवले, तेव्हा दिसायला भारदस्त असलेल्या स्पीकरांचे गुण वाढले आणि पडद्याआड चांगला ठरलेला छोटा, स्वस्त संच नजरेला पडताच घसरला. अनुभवी श्रोतेही यातून सुटले नाहीत. मला त्याहून गमतीची वाटते ती गोष्ट वेगळीच आहे. स्पीकरची जागा बदलल्याने आवाजात पडणारा फरक पडद्याआडून ऐकताना श्रोत्यांच्या लक्षात येत होता. स्पीकर समोर दिसू लागल्यावर मात्र त्याकडे बहुतांशी दुर्लक्ष झाले. पॉलिश केलेले लाकूड आणि किमतीची पाटी समोर असताना आपण नक्की काय ऐकत असतो, कोण जाणे.

आणि खोली? ५० हर्ट्झच्या खर्जाची लहर जवळजवळ सात मीटर लांब असते. साडेतीन मीटर लांबीच्या खोलीत तिची नेमकी अर्धी लांबी मावते, त्यामुळे तेवढाच एक स्वर भिंतींजवळ घुमतो आणि खोलीच्या मध्यावर बसणाऱ्याला जवळजवळ ऐकूच येत नाही. स्पीकर भिंतीला चिकटवला की खर्ज वाढतो, कोपऱ्यात सारला की आणखी वाढतो. घरातली ही सारी भानगड दुकानातल्या ऐसपैस जागेत कळणार तरी कशी? कापडाचा रंग दुकानाच्या दिव्याखाली खरा वाटला नाही, तर तागा दारापर्यंत नेऊन उजेडात पाहता येतो; आवाजाला असे दार नसते. त्यातून ऐकवले जाते ते मोजक्या वाद्यांचे आणि संथ गळ्याचे एखादे गाणे, जे कुठल्याही स्पीकरवर गोडच लागते. आपल्याजवळचे, वर्षानुवर्षे ऐकलेले ध्वनिमुद्रण लावायला सांगावे, शक्य तर तानपुऱ्याची जवारी स्पष्ट असलेले, म्हणजे निदान एक ओळखीची खूण हाताशी राहते.

तरीही दुकानात जाण्यात अर्थ आहे, कारण हातांना आणि डोळ्यांना तपासण्यासारखे तिथे पुष्कळ असते. अॅम्प्लिफायर फडताळात मावेल का, मागच्या बाजूला तारा अडकवण्याच्या जागा पुरेशा आहेत का, तो चार ओहमचे, म्हणजे जास्त वीजप्रवाह ओढणारे, स्पीकर पेलतो का, हे प्रत्यक्ष पाहून आणि विचारून घ्यावे. तारांच्या चकचकीत मांडणीपुढे फार रेंगाळू नये; चार-पाच मीटर अंतरासाठी साधी, जाड तांब्याची तार पुरते. सर्वांत महत्त्वाचा प्रश्न उरतो तो माल परत घेण्याचा. घरी चार दिवस वाजवून पाहिल्यावर आवडला नाही, तर परत घेणार का, किती दिवसांत, आणि कोणत्या अटींवर, हे बिल करण्याआधी लेखी पाहावे. बहुतेक ठिकाणी मूळ खोका आणि आतले थर्माकोल शाबूत लागते, तेव्हा ती मुदत संपेपर्यंत स्पीकरांपेक्षाही मोठे दोन रिकामे खोके घरात कुठे ठेवायचे, याची घरच्यांशी बोलणी आधीच करून ठेवलेली बरी.