तिसरा स्ट्राइक

नोव्हेंबर 2023. विभागीय शालेय सॉफ्टबॉल, सतरा वर्षांखालील मुली. अमरावतीचं मैदान, सातवी म्हणजे शेवटची इनिंग. आम्ही चार, ते तीन. त्यांचे दोन गडी बाद, एक रनर तिसऱ्या बेसवर, नि बॅटरचे दोन स्ट्राइक झालेले. बॅट घातली नि बॉल हुकला की स्ट्राइक, तीन झाले की एरवी बॅटर बाद. एक स्ट्राइक पडला की यवतमाळ जिल्ह्यातलं नेरकडचं आमचं गाव विभागाच्या फायनलला. चौदा वर्षं मी पीटीचा सर आहे. एवढ्या वर्षांत माझा कुठलाच संघ जिल्ह्याच्या पुढे गेला नव्हता.

आमच्याकडे सॉफ्टबॉल कसा आला, ते फार मोठं सांगण्यासारखं नाही. कबड्डी-खोखोत जिल्ह्यात तीस-चाळीस शाळा असतात, सॉफ्टबॉलमध्ये त्या वर्षी तीन होत्या. हिशेब करून उतरलो, लपवायचं काय त्यात. पोरी मात्र हिशेबाबाहेर निघाल्या. साठ फुटांची दोरी मोजून बेस मांडले, खताच्या पोत्यांत रेती भरून ते शिवले, फक्कीच्या रेषा ओढल्या. दिवाळीनंतर कापसाची वेचणी सुरू झाली की अर्धा संघ पराटीत असायचा. पाचला मानव विकासची, म्हणजे बाहेरगावच्या पोरींना शाळेतून घरी नेणारी, निळी बस निघाली की उरलेला अर्धा जायचा. मधल्या दीड तासात जो झाला तो सराव.

अमरावतीला जाताना बसमध्ये मी त्यांना रिंकू सिंह (क्रिकेटवाला नव्हे) आणि दिनेश पटेल यांची गोष्ट सांगितली. उत्तर प्रदेशातली खेड्यातली पोरं, भालाफेक करणारी, बेसबॉल, म्हणजे सॉफ्टबॉलचा थोरला भाऊ, कधी न खेळलेली. 2008 साली भारतात सर्वांत जोरात बॉल फेकणारा शोधायची स्पर्धा झाली, त्यातून दोघं निवडले गेले, अमेरिकेत गेले. वर्षाच्या आत पिट्सबर्ग पायरेट्स या तिथल्या मोठ्या संघानं करार केला. पोरींचे डोळे मोठे झाले.

"मंग मोठ्या लीगमध्ये खेळले का जी?"

"नाही. दिनेशला 2010 मध्ये सोडलं. रिंकू खालच्या लीगमध्ये सिंगल-ए पर्यंत चढला, पुढे हात दुखावला. नंतर तो कुस्तीच्या शोमध्ये गेला."

"म्हंजे पोचले नाई," पिचर, म्हणजे आमची बॉल टाकणारी, म्हणाली.

बेसबॉलमध्ये सिंगल-एच्या वर डबल-ए, ट्रिपल-ए, नि मग कुठे मेजर लीग. तिथं जन्मलेली, पाचव्या वर्षापासून खेळणारी बहुतेक पोरंही मधेच गळतात. मी हे सांगायला लागलो तोवर कॅचरनं, म्हणजे बॅटरच्या मागं बसून बॉल झेलणारीनं, दुसराच प्रश्न काढला, "हा खेळ ऑलिम्पिकमध्ये हाये का?" सॉफ्टबॉलचं ऑलिम्पिक आमच्या मानव विकासच्या बससारखं आहे, कधी येते, कधी येत नाही. 1996 ते 2008 होता, मग काढला, टोकियोत परत आला, पॅरिसमधून पुन्हा गेला. नि आमच्या सामन्याच्या महिनाभर आधीच, मुंबईतल्या बैठकीत, 2028 च्या लॉस एंजेलिससाठी त्याला परत घेतलं होतं. "मंग पाच वर्सं हायेत," ती म्हणाली नि डब्यातला आलूबोंडा खाऊ लागली.

तर तो बॉल. पिचरनं हात गरकन फिरवून खाली टाकला, बॅटरनं जोरात बॅट घातली, बॉल खालून निघून गेला. अंपायरची मूठ वर. आमच्या नऊही पोरींनी एकदम किंकाळी फोडली. बॉल कॅचरच्या हातमोज्याला लागून तिच्या पायाजवळ पडला होता. तिनं तो उचलला, पिचर उभी राहते त्या गोलाकडे घरंगळत सोडला, तोंडावरचा मास्क काढून भिरकावला आणि धावत जाऊन पिचरच्या गळ्यात पडली. फर्स्ट बेसची पोरगी बेस सोडून आली. आउटफिल्डच्या तिघी हातमोजे हवेत उडवत आल्या.

आणि तिकडून त्यांचे सर ओरडले, "भाग! भाग!"

बॅटर आधी थांबली होती. मग पळाली. तिसऱ्या बेसवरची पोरगी आरामात होमप्लेटला, म्हणजे बॅटर उभी राहते तिथं, पोचली नि एक धाव झाली. चार-चार. बॅटर पहिल्यावर, दुसऱ्यावर. बॉल गोलाजवळ मातीत पडलेला आणि त्याच्या दोन हातांवर माझ्या पोरी फेर धरून नाचत होत्या. "बॉल! बॉल उचल!" मी बोंबलत होतो. त्यांना वाटलं, सर पण नाचून राहिले. एकीनं तर मला हात हलवून दाखवला.

बॅटर तिसऱ्या बेसला वळली तेव्हा पिचरचं लक्ष गेलं. तिनं बॉल उचलून होमप्लेटकडे फेकला. तिथं कोणीच नव्हतं. पाच-चार. संपलं.

मी अंपायरकडे तरातरा गेलो. रागानं बोललो, जे बोलायला नको तेही. ते शांतपणे म्हणाले, "सर, तुमच्या कॅचरनं बॉल झेललाच नाही. मी स्ट्राइक दिला, आउट दिलाच नव्हता."

आणि पोटात धस्स झालं, कारण नियम मला माहीत होता. तिसरा स्ट्राइक कॅचरनं झेलायला लागतो. सुटला, आणि पहिला बेस रिकामा असेल किंवा दोन गडी बाद असतील, तर बॅटर पळू शकते. मग तिला टॅग करा, म्हणजे हातातल्या बॉलनं शिवा, नाहीतर ती पोचायच्या आत बॉल पहिल्या बेसवर द्या. उचलून फेकायचा, साठ फूट. रोज शंभरदा फेकायची ती पोरगी.

पुस्तकात वाचलेला हा नियम मैदानात कधी आलाच नाही, त्याचं कारण वेगळं. आमच्याकडे कॅचरचा मास्क नव्हता, छातीचं पॅड नव्हतं. संस्थेकडे दोन वर्षं अर्ज करत होतो, उत्तर ठरलेलं: पुढच्या सत्रात बघू. उघड्या तोंडानं पोरीला प्लेटच्या मागं बसवायची माझी हिंमत नव्हती. म्हणून सरावात ती पाच पावलं मागं उभी राहायची, बॉल एक टप्पा घेऊन तिच्याकडे यायचा. झेलायचा प्रश्नच नाही. मीच ठरवून टाकलं होतं, तिसरा स्ट्राइक म्हणजे आउट. दोन वर्षं पोरी हाच खेळ खेळल्या. स्पर्धेला मास्क उसना आणला, पण डोक्यात बसलेला नियम कुठून बदलणार? जिल्ह्याला चाललं, कारण तिथं पिचिंग इतकं संथ की सगळ्यांची बॅट बॉलला लागायचीच.

परतीच्या बसमध्ये बडनेरा ते नांदगाव कोणी बोललं नाही. मग कॅचर माझ्या सीटपाशी आली.

"सर, मी फस्ट बेसवर फेकला असता तर?"

"तर जिंकलो असतो."

"मले काऊन नाई सांगितलं जी?"

मी सांगितलं. मास्कचं, सरावाचं, सगळं. ती ऐकत राहिली, मग जाऊन खिडकीशी बसली.

सोमवारी मैदानावर आलो तर ती आधीच प्लेटच्या मागं उकिडवी बसलेली. डोक्यावर पोरांच्या क्रिकेट किटमधलं जाळीचं हेल्मेट, पायांना बॅटिंगची पॅडं, ढगळ, मांडीपर्यंत आलेली. ते किट सॉफ्टबॉलच्या बॅटी ठेवतो त्याच कपाटात, त्याच फळीच्या खाली, दोन वर्षं पडून होतं. मी रोज ते कपाट उघडत होतो.

"टाक वं," तिनं पिचरला आवाज दिला. बॉल आला, तिनं मुद्दाम सोडला, उचलला आणि पहिल्या बेसवर फेकला.

"आनखीन एक."