‘इचे किती येतीन?’

माळा साफ करताना औषधाची जुनी बाटली सापडली की लोक मला फोटो पाठवतात आणि खाली लिहितात, ‘काका, इचे किती येतीन?’ तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

आधी नख लावा. बाटलीच्या अंगावर साच्याच्या जोडाची बारीक रेघ असते, ती वर वर चाचपत न्या. मानेवरच विरली तर तोंड हातानं घडवलेलं. थेट काठापर्यंत पोचली तर बाटली बहुतेक यंत्राची. अमेरिकेत ओवेन्सचं बाटल्या करणारं यंत्र १९०३च्या सुमारास आलं. म्हणून तिकडचे लोक हातानं घडवलेलं तोंड दिसलं की बाटली त्या आसपासची किंवा आधीची धरतात. आपल्याकडे हा हिशेब लावाल तर फसाल. तळेगावचा पैसाफंड काचकारखानाच मुळी १९०८चा, आणि हातानं फुंकून काच करणं इथे पुढेही बरीच वर्षं चाललं. त्यापेक्षा अक्षरं वाचा. बाटलीवर चिकटवलेल्या चिठ्ठीवर ‘नागपूर, सी. पी.’, म्हणजे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस, आपला मध्यप्रांत, असं असेल तर बाटली सहसा १९५०च्या आधीची, कारण त्या वर्षी मध्यप्रांताचं नावच बदललं.

निळ्या, सहा बाजूंच्या, अंगावर उभ्या धारा असलेल्या बाटल्यांवर सगळ्यांचा जीव जडतो. त्या विषाच्या. अंधारात हाताला कळावं म्हणून त्या धारा. आत काही वाळलेलं असेल तर हुंगू नका, एवढं ऐका. जांभळट काचेचं मात्र मला अप्रूप नाही. जुन्या काचेतल्या मँगनीजवर वर्षानुवर्षं ऊन पडलं की ती फिकी जांभळी होते, आणि उन्हाला आपल्या नागपुरात काय तोटा! पण हल्ली किरणांचा मारा करून तोच रंग झटपट आणतात. वांग्यासारखी गडद दिसली की मी पुढे सरकतो.

भाव नुसत्या वयाला येत नाही. तोंडाचा टवका उडालेला नसावा, बूच असावं आणि मुख्य म्हणजे कागद असावा. कंपाउंडर मिक्श्चरच्या बाटलीवर कात्रीनं खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवायचा. एक खाच म्हणजे एक डोस. बाटली साधी, पांढरी, पण पट्टी आणि दवाखान्याची चिठ्ठी शाबूत असेल तर मला ती दहा निळ्या बाटल्यांपेक्षा प्यारी.

अशी एक मला इतवारीत कबाड्याकडे चाळीस रुपयांत मिळाली होती. महालातल्या कुठल्याशा दवाखान्याची, शाईनं लिहिलेलं रोग्याचं नावसुद्धा होतं. मी शहाण्यानं ती रात्रभर सोड्याच्या पाण्यात टाकली. सकाळी बादलीच्या तळाशी लगदा, वर पट्टी तरंगतेय, आणि बाटली अशी लखलखीत की दुकानातून कालच आणलीय.

पुढच्या आठवड्यात त्याच कबाड्याला विचारलं, तशी अजून आहे का.

‘आहे ना जी,’ तो म्हणाला, ‘तुमच्यासाठी घासून-पुसून ठेवली!’