भिंत 255 ठेवली की घर थर्माकोलचं

आज दिवसभर जळगावचा एक पूर्वमुखी बंगला स्क्रीनवर. पहिला रेंडर (थ्रीडी मॉडेलवरून कॉम्प्युटरने काढलेलं चित्र) पार फसला: वेळ मे महिन्यातली भर दुपार, भिंत 255-255-255, म्हणजे कॉम्प्युटरवरचा पूर्ण पांढरा. जळगाव 21 अक्षांशावर. मे अखेरीस सूर्य थेट डोक्यावर येतो, छज्ज्याची सावली भिंतभर उतरते आणि पुढची बाजू सपाट पडते. (तसंही त्या उन्हात बाराला घर बघायला कोण उभं राहतंय, भाऊ!) सकाळी साडेआठला सूर्य साधारण 35 अंशांवर असतो, तिरप्या उन्हात प्लास्टरचे खाचे उठून दिसतात.

पांढरा रंग 220 च्या आसपास बास. 255 म्हणजे भिंत सगळा प्रकाश परत फेकते, कोपऱ्यातली सावली मरते.

एचडीआरआयमध्ये (सीनला उजेड देणारा आकाशाचा फोटो) सूर्य असेल तर सॉफ्टवेअरमधला वेगळा सूर्य बंद करा, नाहीतर दुहेरी सावल्या.

विटेचं टेक्स्चर (भिंतीवर चिकटवायचं विटांचं चित्र) लावल्यावर दाराशेजारचे थर मोजा. सात फुटी दाराला 26 ते 28 थर भरले पाहिजेत. चौदा आले तर वीट नाही, ब्लॉक दिसतो. रफनेस मॅप (चमक ठरवणारं चित्र) आणि नॉर्मल मॅप (उठाव ठरवणारं) लिनिअरच ठेवा, म्हणजे आकडे जसेच्या तसे वाचले जातात. एसआरजीबीत (साध्या रंगीत चित्रांची सेटिंग) गेले की चमक आणि उठाव दोन्ही चुकतात. कडांना 3 मिमी गोलाई द्या.